उघडिपीची वाट पाहताना

वादळी हवेत टिपलेले एखादे निसर्गचित्र भिंतीवर लागले, की पाहणाऱ्यांच्या तोंडून दोन शब्द हमखास निघतात. पहिला ‘धीर’ आणि दुसरा ‘नशीब’. “केवढा धीर हवा याला!” असे एक जण म्हणतो आणि त्याच्याच शेजारचा मान डोलावून म्हणतो, “नशीब लागतं हो, नशीब!” सह्याद्रीच्या पावसात कॅमेरा घेऊन हिंडताना गेल्या वीसेक वर्षांत हे दोन्ही शब्द मी इतक्यांदा ऐकले, की त्यांच्याविषयी काही विचार करणे मला भाग पडले.

कारण हे शब्द आपल्या समाजाच्या फार जुन्या ओळखीचे आहेत आणि ती ओळख सुखाची नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांना धीर धरायला सांगितले गेले आणि जे वाट्याला आले त्याला नशीब म्हणायला शिकवले गेले. धीर म्हणजे मुकाट्याने सोसणे आणि नशीब म्हणजे कोणी तरी कपाळावर लिहून ठेवलेले, असा त्या शिकवणुकीचा अर्थ होता. ज्या शाळेत सकाळची वंदना संपल्यावर आम्हांला कार्यकारणभाव शिकवला गेला, त्या शाळेच्या स्मरणिकेत लिहिताना हे दोन शब्द तपासल्यावाचून वापरणे योग्य नव्हे. पावसात उभे राहून मला त्यांचे जे अर्थ कळले, तेच येथे मांडतो.

आधी वादळाविषयी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे वादळी हवेचे दोन मोठे हंगाम आहेत. पहिला वळिवाचा. वैशाखात दुपारपर्यंत जमीन तापते, तापलेली बाष्पयुक्त हवा वर चढते आणि पाहता पाहता ढग उभा वाढत जातो. पायथ्याशी काळा आणि माथ्याशी पांढराशुभ्र असा हा ढग दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच जातो. तिथे त्याची वाढ खुंटते आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. मग ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून पुढे धावते. धूळ उडते, पत्रे वाजू लागतात आणि त्यामागून टपोरे थेंब येतात. दुसरा हंगाम खुद्द पावसाळ्याचा. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. एका जिल्ह्यातला हा भेद कोणाच्या पुण्याईचा नाही. तो डोंगराच्या उंचीचा आणि वाऱ्याच्या दिशेचा आहे.

छायाचित्रकाराला लागतो तो प्रकाश वादळाच्या पोटात नसतो, काठावर असतो. पाऊस कोसळत असताना सारे एकसारखे करडे होते. डोंगर, दरी, झाड यांचा भेद उरत नाही. वादळ येण्यापूर्वीची काही मिनिटे आणि ते सरल्यानंतरची काही मिनिटे, एवढाच त्याचा अवकाश. मराठीत या दुसऱ्या काळाला फार सुंदर शब्द आहे, उघडीप. शेतकरी कोळपणीसाठी तिची वाट पाहतो, गृहिणी वाळवणासाठी पाहते आणि माझ्यासारखा माणूस चित्रासाठी पाहतो. मात्र उघडीप झाल्यावर घरातून निघालेल्याला ती सापडत नाही. ती येण्यापूर्वीच कड्यावर जाऊन उभे राहावे लागते, म्हणजेच पाऊस अंगावर घ्यावा लागतो.

येथे धीर या शब्दाचा पहिला पदर उलगडतो. लांबून पाहणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ तीन तास नुसता उभा आहे. प्रत्यक्षात त्या तीन तासांत क्षणाचीही उसंत नसते. भिंगावर उडालेला तुषार सुती पंच्याने पुसायचा, कॅमेऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने उडू द्यायची नाही, ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला पाठपिशवी अडकवून तो स्थिर करायचा, ढगांच्या थराची जाडी आणि वाऱ्याचा रोख पुन्हापुन्हा अजमावायचा, सूर्य ढगाआड कुठवर उतरला असेल याचा हिशेब मनात चालू ठेवायचा. आणि हे सारे कड्यावरच्या दिवसाचे झाले. त्यापूर्वीच्या कित्येक दिवसांत तीच जागा कोरड्या हवेत पायाखाली घातलेली असावी लागते. धुक्यात पाऊल कुठे टाकायचे नाही, हे पायांना ठाऊक असावे लागते.

थेरवादी परंपरेच्या दहा पारमितांमध्ये विरिय म्हणजे प्रयत्न आणि त्याच्या लगेच पुढे खंति म्हणजे सहिष्णुता, धीर, असा क्रम येतो. विद्यार्थी असताना तो मी केवळ पाठ केला होता. तो क्रम तसा का लावला गेला, हे मी सांगू शकणार नाही. पण कड्यावर त्याचा अर्थ मला असा लागला, की ज्या धीरामागे प्रयत्न उभा नाही, तो धीर नव्हे, नुसता खोळंबा होय. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती १९३५ मध्ये आणि नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांना कोणी प्रतीक्षा म्हणेल, पण त्या वर्षांतील अभ्यास, ग्रंथलेखन, संस्थांची उभारणी आणि राज्यघटनेचे काम पाहिले, म्हणजे प्रतीक्षा किती कर्तबगार असू शकते याचा प्रत्यय येतो. भिक्षुसंघाचा वर्षावासही असाच. पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण थांबते, साधना आणि अध्ययन थांबत नाही. आजही आपल्या वस्तीतल्या विहारांत त्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन चालते, ते याच परंपरेला धरून.

धीराचा दुसरा पदर याहून महत्त्वाचा आहे. सोसत राहणे म्हणजे धीर नव्हे, हे वादळ फार स्पष्टपणे शिकवते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. हे अंतर तीस सेकंदांवर आले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि उघडा माथा सोडून खाली यावे. एकट्या झाडाखाली थांबू नये, भिजल्या कड्याला टेकू नये, सुरक्षित आसरा गाठावा. अशा वेळी समोरचे दृश्य कितीही विलोभनीय असले तरी तिथे उभे राहणारा धैर्यवान ठरत नाही. कोणत्या गोष्टीची वाट पाहायची आणि कोणत्या ठिकाणाहून ताबडतोब निघायचे, हा विवेक धीराच्या आतच असतो. तो काढून घेतला की उरते ती केवळ सोशिकता. आणि सोशिकतेची स्तुती बहुधा तेच करतात, ज्यांना स्वतःला काही सोसावे लागत नाही.

आता नशिबाकडे वळू. निसर्गचित्रणात नशिबाची म्हणून जी उदाहरणे सांगितली जातात, त्यांत अमेरिकेचे आन्सेल ॲडम्स यांचे १९४१ सालचे चित्र अग्रस्थानी असते. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीने जाताना त्यांना दिसले, की पूर्वेला चंद्र वर आला आहे आणि मावळतीचे अखेरचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर पडले आहे. घाईत प्रकाशमापक यंत्र सापडेना. तेव्हा त्यांना चंद्राच्या तेजस्वितेचे माप आठवले आणि त्यावरून त्यांनी मनातल्या मनात गणित मांडून एक चित्र घेतले. दुसरे घेण्याची तयारी होईतो क्रूसांवरचे ऊन गेले होते. चंद्र आणि ऊन एकाच वेळी असणे हा योगायोग खरा. पण चंद्राच्या तेजाचा आकडा स्मरणात असणे हा योगायोग नव्हता. त्यांचेच दुसरे विख्यात चित्र योसेमिटीच्या दरीतले, हिवाळी वादळ ओसरतानाचे. डिसेंबरातल्या त्या दिवशी आधी पाऊस, मग हिम आणि दुपारच्या सुमारास उघडीप असा क्रम झाला. त्या दरीत ॲडम्स प्रथम गेले ते १९१६ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, हातात साधा पेटी-कॅमेरा घेऊन; आणि पुढे आयुष्यभर पुन्हापुन्हा जात राहिले. त्या उघडिपीला ओळखणारी नजर अशा अनेक वाऱ्यांतून तयार झाली होती.

याच विषयाचा आपल्या मातीतला दाखला हरिश्चंद्रगडाचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाविषयी लिहिलेला प्रबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. गडाच्या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो त्याचे, वर्णन त्यात आहे. कोकणातून चढलेले धुके कड्याच्या काठाशी येऊन थांबलेले, साइक्स धुक्याच्या किंचित बाहेर उभे, पाठीमागे क्षितिजाजवळचा निरभ्र सूर्य. समोरच्या धुक्यात रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले आणि त्याच्या मध्यभागी त्यांची, त्यांच्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली दिसली. त्या सावल्या आपल्याच आहेत यावर सोबतच्यांचा विश्वास बसेना. हातपाय हलवून पाहिले तेव्हा तो बसला.

साइक्स यांनी या दर्शनाला दैवी म्हटले नाही. अनुकूल परिस्थितींचा मेळ, असे त्याचे कारण त्यांनी नोंदवले. धम्माच्या परिभाषेत आपण याला हेतू आणि प्रत्यय म्हणतो. धुके असले तर वर्तुळ दिसते, सूर्य मागे आणि खाली असला तर दिसते, धुके काठाशीच थबकले तर दिसते. यांतील एकही गोष्ट ढळली, की दिसत नाही. साध्या इंद्रधनुष्याचेही तसेच. सूर्य क्षितिजापासून सुमारे बेचाळीस अंशांहून वर असेल, तर मोकळ्या मैदानातून आकाशात इंद्रधनुष्य दिसू शकत नाही. म्हणून जुलै महिन्यात आपल्याकडे ते सकाळी साधारण नऊच्या आत किंवा दुपारी चार वाजून गेल्यावरच शोधावे. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस भर दुपारी कॅमेरा लावून बसत नाही. त्याच्या बाबतीत नशिबाचा हिस्सा तेवढ्याने कमी झालेला असतो. ज्ञान वाढते तसतसे नशिबाचे क्षेत्र आक्रसते, असा माझा अनुभव आहे.

ते आक्रसते, पण संपत नाही. आणि ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याने उलटे वर फेकले जाते. उतरत्या उन्हात त्या उडत्या पाण्यात उमटणारे इंद्रधनुष्य मला टिपायचे होते. त्यासाठी वारा जोराचा हवा, पाणी भरपूर हवे, वेळ चारनंतरची हवी आणि नेमक्या त्या वेळी पश्चिमेकडचे ढग फाटायला हवेत. पहिल्या तीन अटींचा अंदाज बांधता येतो, चौथीचा येत नाही. दोन पावसाळे मी रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सहाच्या सुमारास ढग जेमतेम दोन मिनिटे फाटले आणि ते चित्र मला मिळाले. लोक त्या चित्राखाली उभे राहून माझ्या धीराची वाखाणणी करतात.

त्या दिवशी कड्यावर मी एकटा नव्हतो. महाविद्यालयात शिकणारा एक तरुण सकाळपासून माझ्याहून अधिक वेळ तिथे भिजत होता. कॅमेरा मित्राकडून मागून आणलेला होता. त्याची तयारी उत्तम होती. वाऱ्याचा आणि उन्हाचा त्याचा हिशेब माझ्या हिशेबाशी जुळत होता. ढग फाटण्यापूर्वी वीस मिनिटे त्याने सामान आवरले, कारण घाटघरहून जुन्नरला जाणारी शेवटची एसटी त्याला गाठायची होती. माझी मोटारसायकल वर उभी होती. त्याच्या आणि माझ्या धीरात काहीही अंतर नव्हते. अंतर होते ते घरी परतण्याच्या सोयीचे. त्या चित्राची कथा सांगताना मी ही एसटी कधीच वगळत नाही. कारण ती वगळली, की चित्र सुंदरच राहते, पण कथा खोटी होते.

याच ठिकाणी नशीब हा शब्द धोक्याचा ठरतो. ‘त्याचे नशीब नव्हते’ असे एकदा म्हटले, की एसटीविषयी बोलण्याची गरज उरत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर नेमका हाच आक्षेप घेतला आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज त्या कल्पनेचा दुसरा हेतू त्यांना दिसत नाही. घाटमाथ्याच्या याच पट्ट्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ज्या पावसाची मी चित्रासाठी वाट पाहतो, तोच तो पाऊस. त्या माणसांचे नशीब खोटे होते, असे म्हणणारे तेव्हाही भेटले. परंतु भिजून जड झालेली माती, तिच्याखालचा उतार आणि उताराखालची घरे यांना नशीब म्हणत नाहीत. ती कारणे आहेत. आणि कारणे शोधता येतात, काही अंशी टाळताही येतात. तेव्हापासून पावसाळ्यात डोंगरातल्या कोणत्याही वाडीत गेलो, की कॅमेरा उघडण्यापूर्वी माझी नजर वरच्या उताराला पडलेल्या भेगा शोधते आणि दिसल्या तर गावच्या तलाठ्याच्या कानावर घालते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत यशाच्या कथा सांगितल्या जातात आणि त्या सांगितल्या गेल्याच पाहिजेत. कष्टाने, चिकाटीने वर आलेल्या माणसांविषयी मला अपार आदर आहे. परंतु ‘मी धीर धरला म्हणून मला मिळाले’ एवढेच म्हणून आपण थांबलो, तर ज्यांना मिळाले नाही त्यांच्यावर अधीरतेचा आरोप आपोआप लागतो. ज्या वर्षी मला वसतिगृहात जागा मिळाली, त्या वर्षी माझ्याच वस्तीतल्या, माझ्याइतक्याच हुशार मुलाला ती मिळाली नाही. खाटा मोजक्या होत्या. त्याचा धीर कमी पडला नव्हता, खाटा कमी पडल्या होत्या.

म्हणून आज मला या दोन शब्दांचा अर्थ असा वाटतो. धीर हा आपला वाटा आहे. तो पूर्ण उचलावा, डोळसपणे उचलावा आणि विजेखाली उभे राहण्यात त्याची उधळण करू नये. नशीब म्हणजे आपल्या हाती नसलेल्या परिस्थितींचे ढोबळ नाव. त्यातल्या काही कोणाच्याच हाती नसतात. ढग केव्हा फाटावा, हे कोणी ठरवू शकत नाही. पण पुष्कळशा परिस्थिती माणसांच्या हाती असतात. शेवटची एसटी एक तास उशिरा सोडता येते, वसतिगृहातल्या खाटा वाढवता येतात, सुरक्षित जागी गाव वसवता येते. एकाचे नशीब म्हणून जे दिसते, ते पुष्कळदा दुसऱ्या कोणी केलेले काम असते. ज्यांनी माळरानावर पत्र्याच्या शेडमध्ये ही शाळा सुरू केली, ते आमचे नशीब घडवत होते. पायावर दगड रचताना त्यांना आमची नावेही ठाऊक नव्हती.

इंद्रवज्राची एक गंमत या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धुक्याचे बारीक थेंब प्रकाशाला आल्या वाटेने माघारी पाठवतात, त्यामुळे रंगांची वलये पाहणाऱ्याच्या स्वतःच्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसतात. कड्यावर दहा माणसे उभी असली, तरी प्रत्येकाला प्रभावलय आपल्याच डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नव्हे. प्रकाशशास्त्र ज्याला ठाऊक नाही, तो स्वतःला विशेष समजून डोंगर उतरतो. ज्याला ठाऊक आहे, तो थोडे सरकून शेजाऱ्याला काठावर जागा करून देतो. आपल्या शाळेने आपल्याला हे प्रकाशशास्त्र शिकवले आहे. यंदाच्या प्रवेशासाठी दाराशी रांग लागली आहे. सरकून जागा करून देण्याची पाळी आता आपली आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!